कडक तेवढं फुटतं

सोमवार

आले बाई एकदाची. कमरेतल्या मूतखड्याने महिनाभर नाचवलं, आता त्याची खोड मोडायची. खोली इतकी छान की माहेरी आल्यासारखं वाटतंय. खिडकीजवळचा पलंग मिळाला. एक कळ दाबली की डोकं वर, दुसरी दाबली की पाय वर. सकाळपासून मी त्याचा झोपाळाच केलाय. सिस्टर म्हणाली, आजी, पलंग मोडाल हं.

ही वही नातीने दिली. म्हणाली, तिथल्या लोकांचे कान किटवू नकोस, वहीशी बोल. पोरीचे दिवस भरत आलेत. बाळ आधी माझ्याच हातात द्यायचं, असं तिने कबूल केलंय. घरातली सगळी पोरं ह्याच हातांवर वाढली. म्हणून मला घाई.

शेजारच्या पलंगावर कपडे शिवणाऱ्या एक बाई आहेत. हसऱ्या, पण गळ्यापर्यंतची चादर काही काढत नाहीत.

मंगळवार

आज मशीन झालं. पाण्याने भरलेल्या उशीवर पाठ टेकवून निजायचं, आणि ते आतून टिचक्या मारतं. टक, टक, टक. मी डॉक्टरांना विचारलं, नेम चुकला तर? ते हसले. म्हणाले, ह्या लाटा मऊ मांसातून सरळ जातात, कडक असेल तेवढंच फोडतात. शिकलेल्या माणसाने सांगितलं की कसं पटतं.

बुधवार

आता लघवी गाळणीतून करायची आणि आलेले तुकडे बाटलीत जमवायचे. गाळण्यात माझा हात कोण धरणार? जन्म गेला त्यात. बाटली निम्मी भरली, ती मी येईल जाईल त्याला दाखवली. शेजारीण हळूच म्हणाली, भरू नका. जळते मेली, म्हटलं.

संध्याकाळी सिस्टरकडून कळलं, तुकडे येताहेत तोवर मशीन चालू, आणि तोवर घरी सोडत नाहीत.

शुक्रवार

पुन्हा मशीन. सकाळी उठायला गेले तर पावलं ओल्या कणकेसारखी पसरली. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा.

डाळीएवढा खडा होता माझा. तीन बाटल्या कशा भरल्या? तुकडे पांढरे, आत बारीक बारीक छिद्रं.

लेक आला होता. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, आईची जीभ चालतेय म्हणजे सगळं ठीक आहे. डॉक्टरही त्याच्यासोबत हसले. सासूबाई म्हणायच्या, हिच्या जिभेला हाड नाही. मीही हसले. मग हसू आवरलं.

शनिवार

तुकडे बाटल्यांसकट लपवले, उशीखाली. पाणीही प्यायले नाही. सिस्टरने लाडाने गाल ओढला — तो फार लांबपर्यंत आला — आणि हाताला सलाईन लावलं.

दुपारी शेजारणीला घरी सोडलं. सिस्टर एकटीच आली. चादरीसकट तिची घडी घातली, हातावर टाकली नि निघाली. घडीतून केस लोंबत होते. डोळे माझ्याकडे बघत होते. पापण्या लवत होत्या.

रविवार असावा

पाय गेले. चादर सपाट. आता मीही गळ्यापर्यंत ओढून घेते. दार चार पावलांवर, पण पावलं कुठली —

उशी उचलून बाटल्या नेल्या. सिस्टर म्हणाली, लबाड आजी. उद्या खांदे.

नंतर

डावा हात गेला. उजव्याचा अंगठा नि एक बोट आहे, पेन्सिल त्यातच. लेकाला ओरडून सांगायला गेले, जबडा जागेवर राहिना. जीभ तेवढी वळवळते. तो म्हणाला, बघा, बोलायचं काही थांबत नाही हिचं.

नातीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. माझी पणती.

आज

काचेतून दिसताहेत. नात, लेक, पांढऱ्या दुपट्यातलं गाठोडं. पोरगी शब्दाला जागली. अजून कोणाच्या हातात दिलं नाही म्हणे, आधी आजी —

मी नको नको करतेय, जीभ नुसती — ती म्हणतेय, आजीला किती आनंद झालाय बघा —

सिस्टर माझी चादर सारखी करतेय, हात बाहेर काढून पसरून ठेवतेय —

वही दाखवीन. वाच पोरी. हातात काही नाही माझ्या. बाळाचं डोकं तू धर, सोडू नको, मान तू —