मुखवट्याशिवाय सोंग

बा, काल आमच्या आश्रमशाळेचं संमेलन झालं आणि आज मी दिवसभर नुसती पडून आहे. पाय सुजलेत, आवाज बसलाय. तू असतास तर म्हणाला असतास, नाच पोरांनी केला आणि थकली ही. तसंच झालंय खरं. इथे शिकवणं हे काम सगळ्यात शेवटी येतं. आधी मुलींच्या डोक्यातल्या उवा, मग अंडी वाटायची, वजनं घ्यायची, नळाला पाणी नसेल तर टँकरवाल्याला फोन करून त्याच्या हातापाया पडायचं. त्यातून उरलेल्या वेळात नाटकाचा तास. तो माझ्या गळ्यात पडला, कारण मी एकदा ठाण्याला जाऊन नाट्यप्रशिक्षण घेऊन आले होते. नको म्हणायला हवं होतं, पण नको म्हणायलाही अंगात जोर लागतो.

तुला टॅब्लो म्हणजे काय ते सांगायला हवं. पोरांनी एखाद्या प्रसंगात हलायचं नाही, बोलायचं नाही, चित्रासारखं थांबायचं. पाहणाऱ्याला त्यावरून सगळी गोष्ट कळली पाहिजे. शिकवायला सोपं वाटतं. मी पोरांना म्हटलं, भाताची आवणी करताय, गुडघाभर चिखल आहे, पाऊस लागलाय. सगळे झटकन वाकले, काय सुंदर वाकले म्हणून सांगू. मग मी म्हटलं, थांबा! तर सगळेच्या सगळे कमरेवर हात ठेवून ताठ उभे राहिले. मी ओरडले, अरे वाकलेलेच राहा. एक पोरगा म्हणतो, "बाई, थांबलू ना आमी. थांबल्यावर कोण वाकून ऱ्हातो?" त्याचं काय चुकलं? ज्याने खरंच आवणी केली आहे तो थांबला की आधी पाठ सरळ करणार. मी घसा फोडत होते आणि ती पोरं माझ्याकडे बघत होती, या बाईला शेतातलं काही कळत नाही अशा नजरेने. तुझ्या पोरीला!

चेहऱ्याचंही तेच. ठाण्याच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं, डोळ्यांत राग आणा, ओठांत दुःख आणा. आमच्या पोरांचे चेहरे कोरे. पण त्यांच्या मानेकडे आणि गुडघ्यांकडे पाहिलं की सगळं दिसे. मग एके दिवशी माझ्या लक्षात आलं, ही बोहाड्याची पोरं आहेत, जत्रेत रात्रभर नाचणारी देवांची सोंगं बघत वाढलेली. यांनी नाचणारा माणूस मुखवट्याआडच पाहिलाय. त्यांच्या लेखी चेहरा लाकडाचा असतो आणि बोलायचं ते अंगाने. मी म्हटलं, संबळ वाजत असतो, सोंग नाचत येतं, बाया आरती घेऊन पुढे होतात, तेव्हा सोंग ओवाळणीला कसं थांबतं? तसं थांबा. बा, वर्ग असा थांबला की मला माझाच श्वास ऐकू आला. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. असं वाटायची सवयच मोडली आहे.

म्हणून संमेलनाला बोहाड्याचाच टॅब्लो करायचं ठरवलं, आणि तिथेच फसले. कोण काय होणार हे मी ठरवायच्या आधीच पोरांनी वाटून घेतलं. ज्याच्या घराकडे ज्या सोंगाचा मान, तो ते सोंग. गणपती अमक्याच्या घरचा, मारुती तमक्याच्या. मी सांगून बघितलं, हे नाटक आहे, इथे कोणीही काहीही होऊ शकतं. कोणी ऐकेना. आणि सातवीतली एक पोरगी तशीच भिंतीला टेकून उभी. कातकरी वाडीवरची, आईबाप भिवंडीकडे वीटभट्टीवर. मी म्हटलं, तू काय होणार गं? तर ती म्हणाली, "आमचे घराला सोंग नाय, बाई." रडत नव्हती, तक्रारही करत नव्हती. आपली चप्पल कुठली हे सांगावं तितक्या साधेपणाने सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तासाला येईना. नळापाशी बसून राही. मैत्रिणीला म्हणाली होती, संमेलनाला आई येईल, तिच्यासोबत मी भट्टीवर जाते, इथं माझं काय काम.

अशी गेलेली पोर परत येत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. हजेरीपटावर नाव राहतं, पोर राहत नाही. किती जणींना मी असं जाताना पाहिलंय, आणि खरं सांगू, अलीकडे मी त्यांच्या मागे जाणंही सोडलं होतं. पण हिचं ते वाक्य मला सोडेना. कारण तसंच एक वाक्य तू मला ऐकवलं होतंस. आठवतं? आपल्या घरचा चंद्राचा मुखवटा तू आढ्यावरून काढून पुसायला ठेवला होतास, आणि तू चुलीपाशी गेलास तेवढ्यात मी तो तोंडाला लावला. तू आलास. मारलं नाहीस. दोन्ही हातांनी मुखवटा काढून घेतलास आणि म्हणालास, "ता आपला हाय पोरी, पण तुझा नाय." मग नागलीची गरम भाकर माझ्या हातात दिलीस आणि माझ्याकडे न बघता तूही जेवायला बसलास. तू गेल्यावर मान भावाकडे गेला, तो जाणारच होता. मी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. पण राग होता, बा. अजून आहे.

मी नळापाशी गेले आणि त्या पोरीला म्हटलं, तू चंद्र होणार. आमच्या घरचं सोंग आहे, मी तुला देते.

ही गोष्ट खोडाळ्याच्या बाजारापर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? भाऊ शाळेत आला तो सरळ माझ्या वर्गाच्या दारात. आत ये म्हटलं तर येईना. "बाचा सोंग तू कातकऱ्याचे पोरीला देतंस? तुला कोणी सांगितला? मुखवटा मी देणार नाय."

"मुखवटा मागितलाय कोणी? टॅब्लोत मुखवटा नाही."

"मग सोंग कसा व्हयल?"

"उभं राहून."

"नुसता उभा राहून?" तो हसला, पण हसण्यात हसू नव्हतं. "उद्या गाव मना इचारल, तेव्हा काय सांगू?"

"सांग, बहिणीने माझं ऐकलं नाही."

मुख्याध्यापक मागे उभे होते. ते तसे भले, पण त्यांना भांडण नको असतं. म्हणाले, मॅडम, देशभक्तीपर काहीतरी बसवा ना, सगळ्यांना चालतं. माझ्यात वाद घालायचं त्राण नव्हतं. मी एवढंच म्हटलं की ती पोर उभी राहणार नसेल तर मी टॅब्लो बसवणार नाही, आणि खडू ठेवून खोलीवर निघून गेले. त्यांनी मग विषय काढला नाही. नाटकाचा तास दुसरं कोण घेणार होतं?

पोरीने विचारलं, "कसा उभा राहू, बाई?" मी दाखवलं. डोकं जरासं खाली, डावा हात मोकळा सोडलेला, एक पाय निघाल्यासारखा पुढे, पण भार सगळा मागच्या पायावर. तिने एकदा पाहिलं आणि तशीच उभी राहिली.

काल पडदा सरकला तेव्हा मी कडेला उभी होते. मांडवात पाड्यापाड्यावरची माणसं, त्या पोरीची आई पिशवी घेऊन पुढेच बसलेली, आणि मागे खांबाला टेकून भाऊ. मध्यभागी ती, अंगावर शाळेचाच गणवेश. एक मूल हललं नाही. कुठलीतरी म्हातारी सवयीने उठली, हातात आरती नाही हे लक्षात आल्यावर रिकामेच हात ओवाळून परत बसली. कोणी हसलं नाही. मी भावाकडे पाहिलं, तर त्याने चपला काढून ठेवल्या होत्या आणि हात जोडले होते.

पोरीची आई एकटीच परत गेली. "ऱ्हाऊ दे बाई आता, तिला कामच हाय इथं," म्हणाली. निदान उन्हाळ्यापर्यंत तरी. त्यापुढचं मला माहीत नाही.

भाऊ नंतर पाणी प्यायला आला. पिऊन तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "बा असाच उभा राहायचा. मना इतकी वर्षं ता जमला नाय. तू कवा बघितलास गं?" मी तांब्या पुन्हा भरायला गेले.

तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तू नाहीस, म्हणून हे पत्र कुठेही जाणार नाही. तेवढ्यासाठीच लिहिते. बा, मी तुझं सोंग एकदाही पाहिलेलं नाही. चंद्र यायचा पहाटे, आणि मी दर वर्षी आईच्या मांडीवर झोपून गेलेली असायची. त्या पोरीला मी दाखवलं ते दुसरंच. मला पहिल्यांदा आश्रमशाळेत सोडलंस, त्या दिवशी मी आतून पाहत होते. तू तारेच्या कुंपणाबाहेर उभा होतास, एक पाय रस्त्याकडे टाकलेला, आणि तुझ्याने निघवत नव्हतं. भावाने काल हात जोडले ते त्या उभं राहण्याला.