सहा चाळीसची गाडी आणि चार बोटं

२६ जानेवारी, दुपारी
ग्रामसभा गाजवली. गावातून बदनापूरला जाणारी सकाळची सहा चाळीसची एसटी बंद होणार. कारण काय, तर प्रवासी कमी. एकोणीस मुली त्या गाडीने कॉलेजला जातात, त्यांत आमची तृप्तीही आहे. मी विचारलं, या एकोणीस जणी प्रवासी नाहीत तर काय गाडीतलं सामान आहेत? टाळ्या.
डेपोचं म्हणणं, हरकत असेल तर १२ फेब्रुवारीपर्यंत लेखी द्या. शेजारची केशरबाई उठून म्हणाली, मंग आत्ताच लिहा ना एका कागदावर, मी पह्यला अंगठा देते. तिची नात रेणुका त्याच गाडीला असते. मी तिला शांतपणे खाली बसवलं. अर्ध्या कागदाने व्यवस्था हलत नसते. आकडेवारी हवी, इतिहास हवा, युक्तिवाद हवा. बारा पानी निवेदन मी लिहीन, आणि तोवर दुसऱ्या कोणी काही देऊ नये, असं बजावलं. पुन्हा टाळ्या. एकूण सतरा मिनिटं बोललो.
संकल्प: रोज दोन पानं. सहा दिवसांत काम फत्ते.

२७ जानेवारी, सकाळी ९
तृप्ती कॉलेजला गेल्यावर तिचा लॅपटॉप घेतला. बारा पानं हाताने लिहिणं म्हणजे मागासलेपणा.
लिहिलं: मा. महोदय,
मग बाण हवा तिथे जाईना. टचपॅडवर बोट घासून घासून गुळगुळीत झालं. असल्या औजाराने लढाई लढता येत नाही. यूट्यूबवर एक व्हिडिओ सापडला. सेटिंगमध्ये जाऊन टचपॅडवरच्या बोटांच्या खुणा आपल्या मर्जीप्रमाणे बसवता येतात. त्याला जेस्चर म्हणतात. तीस वर्षं मी व्यासपीठावर हातवारे करतोय. हे शास्त्र जणू माझ्यासाठीच निघालं आहे.

२८ जानेवारी
हिशेब मांडला. कॉपी करायला एरवी चार सेकंद लागतात. जेस्चरने एक. तीन सेकंद वाचले. दिवसाला दोनशे वेळा धरलं, तर दहा मिनिटं. वर्षाला साठ तास. म्हणजे अडीच दिवस!
दैवशालाला हे समजावून सांगितलं. ती पीठ मळत होती. म्हणाली, अन् कालचा अन् आजचा दिवस गेला तो कोणत्या खात्यात धरता?
बायकोला दूरदृष्टी नाही.

३० जानेवारी
रचना पूर्ण.
तीन बोटं डावीकडे: कॉपी. तीन उजवीकडे: पेस्ट. तीन खाली: सेव्ह. चार बोटांची टपली: सगळा मजकूर एकदम निवडणे.
चाचणी घ्यायला मजकूर हवा होता, म्हणून ‘मा. महोदय’च घेतला. अकरा मिनिटांत तीनशे चाळीस महोदय. नऊ पानं! हा वेग तालुक्यात कोणाकडे असेल असं वाटत नाही.
पानांच्या हिशेबाने पाहिलं तर तीनच उरली. आता फक्त मजकूर बदलायचा आहे.

१ फेब्रुवारी, संध्याकाळी
तृप्तीची कुरकुर. तिच्या प्रॅक्टिकलच्या फाइलमध्ये रसायनशास्त्राच्या मधोमध महोदय आले म्हणे. म्हणाली, बाबा, मी नुसतं मागचं पान बघायला गेल्ते, काय करून ठेवलं तुम्ही? मग म्हणाली, निवेदन मी लिहून देऊ का, दहा मिनिटं लागतील.
दहा मिनिटांत पोस्टकार्ड होतं, चळवळ होत नाही. असं मी तिला अर्धा तास समजावलं. ती मधेच जेवायला उठून गेली.

३ फेब्रुवारी
जेस्चर लक्षात राहत नाहीत. तक्ता करून आरशाशेजारी चिकटवला. दाढी करताना पाठ करतो. जेवतानाही ताटात सराव केला. तीन बोटं डावीकडे, तीन उजवीकडे. दैवशालाने दोनदा भाजी वाढली. तिसऱ्यांदा म्हणाली, नको असंल तर तोंडाने सांगा, ताट कशाला पुसून राह्यले?

६ फेब्रुवारी
ओट्यावर केशरबाईने गाठलं. कल्याण, झालं का रे लिहून? म्हटलं, मावशी, पाया झाला. ती म्हणाली, पाया किती खोल घेऊन राह्यला बाबा, विहीर न्हाई खंदायची आपल्याला.
हसणारे हसले. समाजाला घाई असते. विचारवंताने घाई करून चालत नाही.
टचपॅडचा वेग मात्र थोडा वाढवून घेतला.

८ फेब्रुवारी
रेणुका आणि तिच्या दोन मैत्रिणी घरी आल्या. काका, आम्ही साधा अर्ज देऊ का, बुधवार शेवटचा आहे. म्हटलं, पोरींनो, दोन कागद गेले की गावाचा आवाज फाटतो. माझ्यावर विश्वास नाही का?
त्या एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग रेणुका म्हणाली, हाये की काका. आणि गेल्या.
हाच विश्वास माझी ताकद आहे.

११ फेब्रुवारी, दुपारी ४
शेवटी प्रतिभा मोकळी झाली! सकाळपासून चार पानं. काय भाषा, काय धार! निजामाच्या काळातल्या कच्च्या रस्त्यापासून सुरुवात करून थेट आजच्या थांब्यापर्यंत आलो. मी गप्प बसून लिहू शकत नाही. मोठ्याने बोलतो, मग टाइप करतो. उरलेली आठ पानं रात्रीपर्यंत सहज.

११ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
जे घडलं ते तटस्थपणे नोंदवतो.
चौथ्या पानाच्या शेवटी वाक्य आलं, ‘जी व्यवस्था लेकींची वाट अडवते, ती स्वतःची वाट चुकलेली असते.’ असं वाक्य आलं की माझा हात आपोआप खाली येतो. तीस वर्षांत किती टेबलं हादरली, किती तांबे उडाले. इथे टेबलाच्या जागी टचपॅड होतं. चार बोटं पडली. सगळा मजकूर निवडला गेला. मी आवेशात पुढच्या वाक्याचा ‘ज’ दाबला. चार पानं गेली, ज राहिला. घाबरून हात मागे ओढला, तीन बोटं खाली घसरली, आणि ज सेव्ह झाला. मग रागाने लॅपटॉपच बंद केला.
एक सांगितलं पाहिजे. जेस्चर दोन्ही वेळा पहिल्या फटक्यात चालले. रचनेत दोष नाही.

१२ फेब्रुवारी
सकाळी डोकं चालेना. दुपारी डेपोत गेलो. लेखीपेक्षा वाणी श्रेष्ठ, असं माझं जुनं मत आहे. खिडकीशी उभा राहून बावीस मिनिटं बोललो. मागे रांग लागली. कारकुनाने सगळं मन लावून ऐकलं. म्हणाला, लई भारी बोलता साहेब. कागद आणला का?
दोन दिवसांची मुदत मागितली. तो म्हणाला, तेही लेखी द्या.

१३ फेब्रुवारी
काल काय झालं, हे सकाळी तृप्तीला सांगावं लागलं. थांब्यावर वहीचं पान फाडून तिने अर्ज लिहिला. अकरा ओळी. एकोणीस सह्या आणि केशरबाईचा अंगठा. बदनापूरला उतरून मुलींनी तो डेपोत दिला. एक दिवस उशिरा.
घरी आल्यावर मी विचारलं, माझी सही? ती म्हणाली, प्रवाशांच्याच घेतल्या, बाबा.
केशरबाई तरी कुठे प्रवासी आहे, हे माझ्या ओठांवर आलं होतं. ती आली होती तिथे, असं उत्तर आलं असतं. विचारलं नाही.
अर्जाचा फोटो तिच्या मोबाइलवर पाहिला. अकरा ओळींची भाषा अगदी सामान्य आहे. एक ऱ्हस्व-दीर्घाचीही चूक सापडली.

२१ फेब्रुवारी
डेपोचं उत्तर आलं. अर्ज पोचेपर्यंत नवीन वेळापत्रक ठरलं होतं. गाडी पूर्ण बंद होणार नाही, पण सोमवारपासून गावात येणार नाही. फाट्यावरून जाईल. फाटा तीन किलोमीटर.
सरपंच म्हणाले, एक दिवस आधी दिला असता तर... आणि माझ्याकडे बघून थांबले. या गावात अपुरी वाक्यं फार वाढली आहेत.

२४ फेब्रुवारी, सकाळी ७:३०
पाच वाजता केशरबाईने कडी वाजवली. उठून बाहेर आलो, तर दारात मुली उभ्या. एकोणीसपैकी चौदा. पाच जणींना घरच्यांनी अंधारात पाठवलं नाही. त्यांना फाट्यापर्यंत नेण्याची गावाने काय व्यवस्था करावी, यावर मी दोन शब्द सुरू केले. केशरबाई म्हणाली, कल्याण, भाषण नको. गाडी काढ.
मोटारसायकलवर एका वेळी दोघी. सात फेऱ्या. शेवटच्या फेरीला तृप्ती आणि रेणुका. फाट्यावर सहा पन्नासला पोचलो. गाडी थांबवून धरायला बाकीच्या बारा जणी रस्त्यात उभ्या होत्या.
परीक्षा संपेपर्यंत रोज हेच करायचं ठरलं आहे. रेणुकाने मागे बसताना एकच अट घातली होती. काका, रस्त्यात बोलू नका, आम्हाला उजळणी करायची असते.
तीन किलोमीटर बोललो नाही.