टाकी माझी, मोटार अण्णाची

ती. स्व. आत्याबाईंस,

हुबळीच्या केशवापुरातून विनायकचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? (चार दिवस हवापालटाला इकडे या म्हटलं असतं, पण सध्या घरात यादवी चालू आहे.)

कारण क्षुल्लक. अण्णा गावाला गेला असताना मी साड्यांच्या दुकानातली गादी काढून खुर्च्या मांडल्या. परतल्यावर तो गिऱ्हाइकांसमोर बोलला, मीही बोललो आणि संध्याकाळपर्यंत चुली वेगळ्या झाल्या. तो खाली, मी माडीवर. काळजी नसावी, जिंकणार मीच. गच्ची आणि पाण्याची टाकी माझ्या ताब्यात आहे आणि हुबळीत नळाला आठवड्यानं पाणी येतं हे तुम्ही जाणताच. पहिल्याच दिवशी मी खालच्या मजल्याचं पाणी तोडलं. (जमिनीतला हौद आणि मोटारीचं बटण अण्णाकडे आहे, हे टाकी रिकामी झाल्यावर ध्यानात आलं.) शिवाय आई आणि देवघरही त्याच्याच बाजूला. पण त्याची कंबर धरलेली असते, हौदातून बादल्या ओढून तो किती टिकणार? माझ्या बाजूला अर्चना आहे, म्हणजे कागदोपत्री आहे. दुपारी ती सुलभावहिनींबरोबर भाकरी थापते आणि येताना घागर भरून आणते. ही फितुरी मी चालवून घेतो, कारण आंघोळ करावीच लागते.

खरा पेच गौरींचा. चुली वेगळ्या म्हणजे गौरी वेगळ्या, आणि मुखवट्यांची जोडी एकच. मी तह सुचवला: ज्येष्ठा थोरल्याकडे, कनिष्ठा धाकट्याकडे. अण्णाला पटलं (महिन्याभरात एवढंच पटलं). तेव्हा आई जिन्याच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "बहिणी आहेत रे त्या. माहेरी येऊन एकमेकींचं तोंडही बघू नये त्यांनी?" त्या रात्री ती जेवली नाही. मला फार वाईट वाटलं. तरीही डावपेच पाहता माझी बाजू भक्कम आहे.

तुमचा, जवळजवळ विजयी,
विनायक

ता. क. गौरींच्या आत अण्णाला फोन करून चूल एक करायला फर्मावा. तुमचा शब्द तो मोडत नाही. (हे पत्रात न लिहिता तुम्हाला फोनच केला असता, पण माडीवरचं बोलणं खाली ऐकू जातं.) माझं नाव काढू नका. तुमचा हुकूम म्हणून मी नाइलाजानं उतरेन. खुर्च्याही काढीन.

पुन्हा ता. क. काल आईला बघायला खाली गेलो तर माझं ताट वाढलेलं होतं. अण्णानं पेपरातून मान वर न करता तुपाची वाटी माझ्याकडे सरकवली. मी तूप घेतलं, पण बोललो नाही. तोही बोलला नाही. आत्याबाई, फोन आजच करा.