समोरचा स्मिथ

ओहायो, १० नोव्हेंबर १९१९

चि. वेरोना हिला अनेक आशीर्वाद.

काल आम्ही फुटबॉलचा सामना हरलो, आणि हरवणारा एकटा स्मिथ! चेंडू काखेत मारून पळणारे पेपरात झळकतात. आम्ही पुढच्या फळीतले, समोरच्याला रेटायचं एवढंच काम. या स्मिथने मला तासभर चिखलात लोळवलं. तीन वर्षांत असा गडी पाहिला नाही! तेवीस तारखेला पुन्हा गाठ आहे. तेव्हा त्याला आवरलं नाहीस तर घरी बस, असं मॅनेजरने बजावलंय. म्हणजे पुन्हा लोखंडाची भट्टी.

पण गंमत ऐक. हा नक्की कॉलेजचा पोरगा, खोट्या नावाने खेळतोय. पैसे घेऊन खेळतो हे कळलं तर कॉलेज हाकलेल. डाव्या कानाची पाळी फाटलेली आहे, एवढी खूण वार्ताहराला दिली की काम झालं! नाक पुन्हा मोडलंय, आईला कळवू नकोस.

तुझा मातुशदादा

पेनसिल्व्हेनिया, १३ नोव्हेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

इस्त्री तशीच टाकून लिहायला बसलेय. फाटक्या पाळीचा तो स्मिथ म्हणजे माझा एमिल! ख्रिसमसला घरी सांगणारच होते. जूनमध्ये त्याची पदवी, मग शाळेत नोकरी, मग लग्न. नाव फुटलं तर सगळंच गेलं. तो म्हणतो, मैदानात आपलं झुरिक आडनाव ऐकून शंका आली होती, पण एवढा डोंगर तुझा भाऊ असेल असं वाटलं नाही.

दादा, मैदानात त्याला हवा तेवढा तुडव, फक्त तोंड उघडू नकोस. तुझी जागा जाईल हे कळतंय, तरी मागतेय. माया पातळ करू नकोस.

तुझी वेरो

ओहायो, २४ नोव्हेंबर

चि. वेरोस उ. आ.

पुन्हा हरलो! पण तीनच गुणांनी, आणि तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला मी चारदा पालथा पाडला. काय मजा आली म्हणून सांगू!

सामना संपताच वार्ताहर वही घेऊन आला. स्मिथला विचारू लागला, खरं नाव काय, कॉलेज कुठलं. एमिल पांढराफटक! मी मध्ये घुसलो, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि सांगितलं, अहो, हा आमचा धाकटा जोझेफ. रविवारी खेळलेलं आईला चालत नाही, म्हणून नाव लपवतो. त्याने लिहून घेतलं.

मॅनेजर मागेच उभा होता. भावासाठी ढिला पडलास म्हणून त्याने मला तिथेच काढून टाकलं. फार लागलं मनाला. पण खुलासा काय करणार? आज सकाळी भट्टीवर रुजू झालो.

सोबतचं कात्रण एमिलला दाखव. जोझेफ झुरिक असं ठळक छापलंय. लग्न झाल्यावर तू त्याचं आडनाव लावशील म्हणे. त्याने तुझं आधीच लावलंय!

दोघांवर जीव असलेला,
दादा