पितांबरच्या नावची सव्वा मूठ

१२ ऑगस्ट १९९१, सोमवार, प्रातःकाळ. पारोळा.

चातुर्मासाचे अक्रोध-व्रत चालू आहे. तरीही नमूद करणे भाग आहे की या घरात मूर्खांची वस्ती आहे.

काल विहिरीवर गार पाण्याने स्नान केले, ओल्या पंच्यानेच स्तोत्रपठणास बसलो, येथवर स्मरते. त्यानंतर एकदम दिवेलागण. मी खाटेवर, कपाळावर ओली घडी, भोवती अर्धी गल्ली. मधला दिवस कोठे गेला, कोणी सांगेना. सौ. नर्मदाबाई पदराआड हसत होत्या की रडत होत्या, तेही कळले नाही.

माझे निदान: समाधी. दीर्घ साधनेचे फळ. या अवस्थेत साधकास जगाचा विसर पडतो आणि मुखातून केवळ परतत्त्वाचे उच्चार होतात. माझ्या मुखातून कोणते उच्चार झाले, ते साक्षीदारांकडून मिळवण्याचा संकल्प.

त्याच दिवशी, सायंकाळ.

बळेच जळगावास नेले. डॉक्टर म्हणजे काल मिसरूड फुटलेला पोर. म्हणे, तात्पुरता स्मृतिलोप. गार पाण्याने होतो, मनस्तापाने होतो. त्या वेळात नवे काही डोक्यात टिकत नाही, मागची काही वर्षेही पुसली जातात, माणूस तोच तोच प्रश्न विचारीत राहतो. मग आपोआप सगळे परत येते. ते तेवढे तास मात्र येत नाहीत. धोका नाही.

मी त्यास समाधीचे प्रकार समजावून सांगू लागलो. त्याने घंटी वाजवून पुढचा पेशंट बोलावला. उद्धट.

परतीच्या बसमध्ये नर्मदाबाईंना विचारले, मी कोणता प्रश्न विचारीत होतो? म्हणाल्या, घरी गेल्यावर सांगते. घरी आल्यावर म्हणाल्या, आता डाळ निवडायची आहे.

१३ ऑगस्ट, मंगळवार.

घोर अनर्थ.

येत्या रविवारी कानबाई बसणार. आमच्या भाऊबंदकीत प्रत्येक पुरुषाच्या नावे सव्वा मूठ गहू घेतात. त्याच्या पिठाचे रोट देवीपुढे ठेवतात आणि ते भाऊबंदांनीच खायचे. परक्याच्या मुखी तुकडा जाता कामा नये आणि पौर्णिमा उलटेपर्यंत शिल्लकही राहता कामा नये. गहू मोजण्याचा मान वडीलधाऱ्याचा, म्हणजे माझा. मोजणी परवा, रविवारी होती. म्हणजे समाधीत.

आज उघडकीस आले की मी माझा धाकटा भाऊ पितांबर, त्याचा मुलगा आणि ज्येष्ठात जन्मलेला नातू, या तिघांच्याही मुठी मोजणीत धरल्या!

पितांबरचे नाव मी या मोजणीतून काढून टाकले, त्यास वर्षे लोटली. कारण क्षुल्लक नाही. वडिलांच्या वर्षश्राद्धास मी वैराग्यावर निरूपण करीत होतो. विषय नुकता रंगात येत होता. पानेही नुकतीच मांडली होती. पितांबर पहिल्या रांगेतून सर्वांसमक्ष म्हणाला, ‘नाना, आते पुरं कर, लोकेसले भूक लागनी.’ लोक हसले. नर्मदाबाईही हसल्या. तेव्हापासून तो धुळ्यास आहे आणि माझ्यापुरता नाही.

तीन मुठी परत काढा, अशी आज्ञा केली. तर म्हणे गहू रविवारीच दळून आणले. ‘आता पिठातून पितांबरभाऊंना कसं वेगळं काढू? चाळणी कोणती घेऊ?’ असे नर्मदाबाईंनी उलट विचारले. व्रत असल्यामुळे मी केवळ तांब्या आपटला.

१४ ऑगस्ट, बुधवार.

शेजारच्या रुपचंदच्या पीठगिरणीत गेलो. तो त्या दिवशी बराच वेळ माझ्यासोबत होता. विचारले, माझ्या मुखातून संस्कृत किती आले? तो म्हणाला, ‘काय संस्कृत, नाना! तुम्हना एकच सवाल. पितांबर उना का? पितांबर उना का? मन्ही चक्की बी इतली बडबड करत नही.’

पितांबर आला का, हे विचारले; आणि तेही अहिराणीत! या घरात मी प्रमाण मराठीखेरीज शब्द उच्चारू देत नाही.

याहून भयंकर पुढे आहे. प्रश्न थांबेना म्हणून रुपचंदने मला गिरणीत आणून पितांबरला धुळ्यास फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या हाती दिला. मी म्हणालो म्हणे, ‘पोऱ्याले लई ये, पितांबर. तुन्हं नाव मोजणीमा टाकं मी.’ आणि रडलो म्हणे. हे असंभव आहे. विहिरीचे पाणी केसांतून निथळत असावे.

पितांबरशी बोलायचे नाही हा नियम असल्यामुळे फोन करून आमंत्रण मागे घेता येत नाही. पोस्टकार्ड लिहिले: ‘रविवारचे आमंत्रण समाधीतील होते. जागृतावस्थेत ते लागू नाही. येऊ नये.’ स्वतः पेटीत टाकले. नर्मदाबाईंवर विश्वास नाही.

१८ ऑगस्ट, रविवार.

कानबाई बसली. धुळ्याकडून येणाऱ्या प्रत्येक बसच्या वेळी मी ओट्यावर जाऊन उभा राहिलो; तो आलाच तर दारातून परत पाठवण्यासाठी. आला नाही. शेवटच्या बसलाही आला नाही. पोस्टकार्ड पोचले. पूर्ण विजय.

विजयानंतर घरात कोणी माझ्याशी बोलले नाही. नर्मदाबाईंनी तिघांच्या वाट्याचे रोट वेगळ्या टोपलीत काढून माझ्या खाटेशेजारी आणून ठेवले.

२० ऑगस्ट, मंगळवार.

काल देवी विसर्जित झाली. टोपली तशीच. रुपचंदला द्यावी म्हटले, तर तो भाऊबंद नव्हे. गाईला घालू म्हटले, तर नर्मदाबाई म्हणाल्या, ‘या घरात तशी रीत नाही. ज्यानं मोजलं त्यानं खावं.’ धर्मशास्त्रात असा आधार मला ठाऊक नाही. परंतु बाईशी वाद घालणे विद्वानास शोभत नाही.

संकल्प: तिघांचाही वाटा एकट्याने संपवीन. द्वेषासाठी एवढे करता आले नाही तर साधना काय कामाची?

२२ ऑगस्ट, गुरुवार.

कवळी हलली. ओवा, सुंठ, गरम पाणी. निम्मेही संपले नाही. सर्वांत मोठा रोट बाळाच्या नावचा. नर्मदाबाई म्हणतात, नातू झाल्याचे त्यांनी सांगताच त्याची मूठ मी दाबून दाबून भरली आणि वर आणखी चिमूट टाकली. खोटारडी बाई. हा रोट मात्र अजून मोडलेला नाही. कवळीमुळे.

२३ ऑगस्ट, शुक्रवार.

रविवारी पौर्णिमा. रोट उरले तर देवीचा कोप. जागृतावस्थेत पितांबरला बोलावणे अशक्य. मी शब्दाचा पक्का आहे. समाधीत बोलावणे मात्र निर्दोष, कारण समाधिस्थावर कर्माचा लेप लागत नाही. समाधी इच्छेने लागत नाही, असे सामान्य लोक म्हणतात. उद्या विहीर.

२४ ऑगस्ट, शनिवार. समाधीत.

गार पाण्याने स्नान. ओला पंचा. लगेच समाधी लागली. नर्मदाबाई चुलीपाशी होत्या. मी दारात उभा राहून विचारले, ‘पितांबर उना का?’

त्यांनी चुलीतले लाकूड मागे ओढले. मग चपला घालून गिरणीकडे गेल्या. थोड्याच वेळात रुपचंद फोनवर ओरडताना अख्ख्या गल्लीने ऐकला: ‘नाना परत भुली ग्यात! हां, पाटे पह्यली गाडी धर!’ भ्रमिष्टाची बातमी सांगताना मनुष्य एवढा हसतो, हे माणुसकीला धरून नाही.

२५ ऑगस्ट, रविवार. पौर्णिमा.

पहिल्या बसने आला. बरोबर मुलगा, आणि दुपट्यात बाळ. पितांबरचे केस पांढरे झाले आहेत. मला मागची वर्षे आठवत नसल्याने त्याविषयी काही विचारता आले नाही. बंधुधर्मावरील जळजळीत निरूपण मी मनात सिद्ध ठेवले होते. तेही करता आले नाही, कारण समाधिस्थाला एवढे स्मरणे संशयास्पद.

त्याने पाटावर बसून शिळा रोट डाळीत कुस्करला आणि जेवला. मोठा रोट मोडून त्याचा एक कण बाळाच्या ओठांना लावला. बाळाने तोंड वेडेवाकडे केले. स्वभाव आजोबाचा.

मी नियमाप्रमाणे विचारले, ‘पितांबर उना का?’ तो म्हणाला, ‘उना ना, नाना. तुन्हा समोर बठेल शे.’

थोड्या वेळाने पुन्हा विचारले. त्याने पुन्हा तेच सांगितले. मी आणखी बऱ्याचदा विचारले. प्रत्येक वेळी त्याने घास थांबवून उत्तर दिले. एकदाही वैतागला नाही. लहानपणीही असाच ढिम्म होता.

टोपली रिकामी झाली. निघताना वाकून पाया पडला आणि कानाशी म्हणाला, ‘तुन्हं कार्ड भेटनं व्हतं माले. पुढला साल बी असाच भुली जाय, नाना.’

मोठ्याने म्हणाला असावा. ओट्यावर रुपचंद हसला. नर्मदाबाईही हसल्या. क्रोध अनावर झाला; परंतु समाधीत असल्यामुळे प्रकट करता आला नाही, सबब व्रत अभंग आहे.

निरूपण वाया जाऊ देणार नाही. येत्या पितृपक्षात वडिलांच्या श्राद्धास त्याच्यासमोरच करीन. लोकांना आधी जेवू घालून.