मंजूच्या तळहाताचा घाम

खजुरी, सोमवार

तीर्थस्वरूप दाजींस आप्पारावाचा दंडवत. अक्काचा गुडघा आता कसा आहे? इकडे सगळे धडधाकट; फक्त ओरडून ओरडून माझा घसा बसला आहे. का बसला, तेच सांगायचं आहे.

तुम्ही मंजूचा मोबाईल कपाटात कोंडलात आणि 'वस्ताद, पोरीचं गेमचं खूळ उतरवा' म्हणून तिला माझ्याकडे धाडलंत. मी लगेच कामाला लागलो. ज्यात घाम येत नाही तो खेळच नव्हे, हे तिला दोन्ही वेळच्या जेवणात वाढलं (ती मान हलवायची आणि भाकरी मागायची). पण यंदा जत्रा कमिटीच्या शिवशंकरनं कुस्तीच्या आखाड्यातच मोबाईलच्या लढाईचे सामने ठेवले आणि नारळ फोडायला वस्ताद म्हणून मलाच बोलावलं. मंजूनं माझा फोन मागितला. पहिल्या फेरीत हरेल, खूळ आपोआप उतरेल, म्हणून मी दिला. दाजी, पोरगी थेट फायनलला!

समोर दुबलगुंडीचा गडी, मोठ्या पडद्याला सगळा गाव चिकटलेला. पहिला डाव गेला. मंजू रडकुंडीला येऊन म्हणाली, "मामा, हाताला घाम यायलाय, बोट सटकायलंय!" घाम! माझ्या अंगावर काटा आला. पैलवानाची पकड निसटली की वस्ताद जे करतो तेच मी केलं: आखाड्यातली मूठभर माती घेऊन तिच्या पंजांना चोळली. (चार्जिंगच्या भोकातली माती अजून टाचणीनं काढतोय.) "आता लढ, कामून भ्यायलीस?" दुबलगुंडीवाले तक्रार घेऊन धावले. शिवशंकर म्हणाला, "नियमात मातीचं कायबी न्हाई." बोटं कोरडी झाली आणि पोरीनं पुढचे दोन्ही डाव मारले! तिला खांद्यावर घ्यायला गेलो तर ती लाजून पळाली, म्हणून शिवशंकरलाच घेऊन नाचलो. बक्षिसाचं चांदीचं कडं तिच्या कोपरापर्यंत सरकतं, तरी काढत नाही. माझे डोळे भरून आले, दाजी. हा खेळ आहे. उभा जन्म मातीत लोळलेला माणूस सांगतोय.

रागावू नका. खूळ उतरवायचं काम चालूच आहे.

तुमचा मेहुणा,
आप्पाराव

ता.क. परवा कलबुर्गीला चौघांच्या संघाचा सामना आहे. हे पत्र उमरग्याच्या बसच्या कंडक्टरकडे दिलंय. बस परत फिरायच्या आत कपाटातला फोन आणि तुमचा होकार त्याच्याच हाती द्या. पोरगी आत्ताच स्टँडवर जाऊन बसली आहे.

आणखी ता.क. 'तुमच्याच फोनवर खेळू द्या' म्हणाल, तर तो मला लागतो. चौथा गडी मी आहे.