ही बघा तुमची उष्णता

बाबा, आपल्या घरात कुणालाही काहीही झालं तरी ती उष्णताच असायची. तोंड आलं, उष्णता. डोळे चुरचुरले, उष्णता. माझ्या चेहऱ्यावर मुरुमं आली तेव्हा पेपरातून डोकं न काढता तुम्ही म्हणालात, "सब्जा भिजत घाल." सब्जाची बरणी, गुलकंद आणि मे महिन्यात कोकम सरबत, एवढाच आपला दवाखाना. तुम्हाला शौचातून रक्त पडायला लागलं तेव्हाही निदान तुम्हीच केलंत आणि आईलासुद्धा कळू दिलं नाहीत. वर्षभराने जिन्यात चक्कर येऊन बसलात, डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा मान खाली घालून म्हणालात, "जरा उष्णता पडते अधूनमधून." तोवर मोठ्या आतड्यातला कॅन्सर यकृतात पोचला होता. पुढचा दसरा तुम्ही पाहिला नाहीत.

दसरा आला की मला तुमचा हटकून राग येतो. त्या दिवशी तळोज्याच्या तुमच्या कंपनीत यंत्रांची पूजा असायची आणि घरच्यांना आत सोडायचे. मी दहा वर्षांची आहे, नवा फ्रॉक घातलाय, आणि तुम्ही मला मिठाईकडे न नेता सांडपाण्याच्या टाक्यांकडे नेताय. तुमचं कामच ते. बाहेर सोडायचं पाणी काचेच्या बाटलीत भरून तुम्ही उजेडासमोर धरता. "रंग जरासुद्धा वेगळा दिसला ना, की आधी फोन करायचा, चहा मग." मी नाक दाबून धरलं तर रागावलात, "यात किळस कसली? न बघणाऱ्याची किळस करावी." बाबा, कंपनीच्या सांडपाण्याला जेवढा मान दिलात, त्याच्या निम्मा तरी स्वतःच्या पोटाला द्यायचा होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती मूठ. पोट झाकून काय मिळवलंत?

एवढं तावातावाने लिहितेय, आणि यंदा मी काय केलं ते ऐका. सत्तेचाळिशी उलटली आणि मलाही रक्त दिसलं. पहिल्यांदा वाटलं, परवाच्या मिसळीची करणी. मग वाटलं मूळव्याध. चार महिने गेले. एका सकाळी नवऱ्याने विचारलं, "हल्ली इतकी दमतेस का गं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काही नाही, उष्णता झालीय." तो बिचारा म्हणाला, "मग सब्जा घे." मी खरंच सब्जा घ्यायला उठले. बरणीचं झाकण उघडताना मला दरदरून घाम फुटला, कारण ते वाक्य माझं नव्हतं, अगदी तुमच्या आवाजातलं होतं. त्याच दिवशी नवीन पनवेलमधल्या पोटाच्या डॉक्टरांकडे गेले.

तिथे फॉर्म भरायचा होता. घरात कुणाला पोटाचा मोठा आजार होता का? आजवर असल्या रकान्यात मी बिनदिक्कत 'नाही' लिहीत आले, कारण आपण सगळ्यांना 'पोटाचं ऑपरेशन झालं' एवढंच सांगत आलो. या वेळी लिहिलं, 'वडील. मोठ्या आतड्याचा कॅन्सर.' माझी उष्णतेची कहाणी ऐकून डॉक्टरांनी दुर्बिणीने आतडं तपासायचं ठरवलं. तपासणीच्या आदल्या दिवशी दोन लिटर पाण्यातून लिंबाच्या चवीचं रेचक प्यायचं असतं. पुढचे काही तास माझा मुक्काम कुठे होता ते सांगत नाही. दुसऱ्या दिवशी तपासणीच्या खोलीत मागून उघडा असलेला तो झगा दोन्ही हातांनी आवळून मी उभी, तर तिथल्या मावशी म्हणाल्या, "ताई, लाजताव कशाला? आमी रोज बगतो. पोट सगल्यांनाच हाय." तुमच्या वेळी अशी एक मावशी भेटायला हवी होती.

गुंगी उतरल्यावर डॉक्टरांनी फोटो दाखवला. आतड्याच्या गुलाबी भिंतीवर भिजल्या हरभऱ्याएवढी एक गाठ. "ही बघा तुमची उष्णता," डॉक्टर हसत म्हणाले. दुर्बिणीतूनच त्यांनी ती काढली होती. रिपोर्ट यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात मी दोनदा आमटीत मीठ घालायला विसरले आणि एका दिवशी दोनदा घातलं. रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. गाठ तशीच राहिली असती तर काही वर्षांत ती बिघडू शकली असती, आता तीन वर्षांनी पुन्हा बघू, असं डॉक्टर म्हणाले. मी तिथेच रडले. मग त्यांनी विचारलं, "सख्खं भावंड कोण आहे? त्यांनाही तपासायला सांगा, काही त्रास नसला तरी."

तुमचा धाकटा आता द्रोणागिरीला एका गोदामावर सुपरवायझर आहे. फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं, रक्त, संडास, बाबा, दुर्बीण. तो म्हणाला, "ताई, तू स्पीकरवर आहेस. इथे चौघे जेवतायत." मी म्हटलं, "बरं झालं, त्यांनाही कळू दे." तो चिडला, "मला काही होत नाही," म्हणाला आणि फोन ठेवला. शेवटी मीच गाडी करून गेले आणि अक्षरशः धरून आणलं. त्याच्याही आतड्यात एक गाठ निघाली, माझ्या गाठीपेक्षा मोठी. रिपोर्ट चांगला आला, बाबा. तो वाचला. परवा त्याने गोदामातल्या दोघांना त्याच डॉक्टरांकडे पाठवलं.

सगळे म्हणतात, ताईने भावाला वाचवलं. मला ते ऐकवत नाही. मी बारावीला होते त्या वर्षी एका सकाळी तुमच्यामागून लगेच संडासात गेले, आणि मला दिसलं होतं. लाल, बरंच. तुम्ही जिन्यात बसलात त्याच्या आठ महिने आधी. मी बादलीभर पाणी ओतलं, हात धुतले आणि कॉलेजला गेले. तुम्ही लपवलंत म्हणून इतकी वर्षं तुमच्यावर रागावले, पण आईला सांगायला मला तरी कुणी अडवलं होतं?

हे मी धाकट्याला अजून सांगितलेलं नाही. रविवारी तो जेवायला येतोय. सांगेन.